मोजलेने काय मोजले?

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो होतो. आमचं गाव मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला. उन्हाळ्यात रात्री जेवणं झाली की बाहेर खाटा टाकायच्या आणि गार वाऱ्याची वाट बघत पडायचं, हा तिकडचा नेम. त्या रात्री वीज गेलेली. वीज गेल्यावर मोखाड्याचं आकाश कसं दिसतं, हे होस्टेलच्या गच्चीवर बसून कितीही सांगितलं तरी तुम्हाला पटणार नाही. पाड्यावरची चार-पाच पोरं गोळा झाली आणि इंजिनिअरिंगला शिकणारा दादा म्हणून मला प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. मीही जरा भाव खाल्ला. दक्षिणेकडे बोट दाखवून सांगितलं, की त्या नरतुरंग तारकासमूहात एक दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याच्याभोवती गरगर फिरणाऱ्या वायूत लोखंडसुद्धा आहे.

माझ्या आत्याचा मुलगा सातवीत आहे. त्याने सरळ विचारलं, की दिसतच नाही तर तिथे लोखंड आहे हे कळलं कसं? क्ष-किरणांवरून कळतं, असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण त्याच्या लेखी क्ष-किरण म्हणजे हात मोडल्यावर जव्हारला जाऊन काढायचा फोटो. त्यात लोखंड कुठून आलं? तो गप्प बसला, पण त्याला उत्तर मिळालेलं नाही हे मला कळत होतं. खरं सांगायचं तर मलाही ते नीट माहीत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून उत्तर शोधलं. शोधत शोधत मागे गेलो तर मुळाशी पंचविशीतला एक मुलगा सापडला. त्याचं नाव हेन्री मोजले. शाळेच्या पुस्तकात तो एखाद-दुसऱ्या वाक्यात येतो : मूलद्रव्यांचा खरा गुणधर्म अणुवस्तुमान नसून अणुअंक आहे, हे मोजलेने दाखवलं. एक मार्काचा प्रश्न, पाठ केला आणि विसरलो. आडनाव मात्र आपल्या मराठीत फारच शोभून दिसतं. मोजले! आणि माणसाने आयुष्यभर तेच केलं. त्याला मी इथे अरेतुरे करणार आहे, कारण त्याचं वय आपल्यापेक्षा फार नव्हतं आणि पुढे ते वाढलंही नाही.

घर, शाळा आणि सेकंड क्लास

हेन्री ग्विन जेफ्रीज मोजले. घरचे त्याला हॅरी म्हणत. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेमथ गावी. घराणं विद्वानांचं. आजोबा गणिती होते आणि त्यांनी १८४३ मध्ये इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरमागच्या यांत्रिकी तत्त्वांवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता, म्हणजे आपल्या सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांचे पूर्वजच म्हणा ना. वडील निसर्गशास्त्रज्ञ. चॅलेंजर नावाच्या जहाजावरून जगभरच्या समुद्रांची जी मोहीम १८७२ ते १८७६ या काळात झाली, तिच्यात ते होते. नंतर ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. हॅरी चार वर्षांचा होतो न होतो तोच वडील गेले. आई अ‍ॅमाबेल हिने मुलांना वाढवलं. बाई मोठी हुशार होती. १९१३ मध्ये तिने ब्रिटनची महिला बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. म्हणजे मुलाने ज्या वर्षी आपला शोध लावला, त्याच वर्षी!

हॅरीला ईटनच्या नामांकित शाळेत स्कॉलरशिप मिळाली. तिथून १९०६ मध्ये तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. आता वाचकांनी जरा धीर धरून ऐका : १९१० मध्ये पदवीच्या परीक्षेत त्याला फिजिक्समध्ये सेकंड क्लास मिळाला. पहिला वर्ग हुकला. त्याला ते फार लागलं. पण तोपर्यंत मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत त्याची जागा ठरत आली होती, आणि रदरफर्डसाहेबांनी वर्ग बघून माणूस टाकला नाही.

मँचेस्टरला पहिली दोन-तीन वर्षं मुलांची प्रॅक्टिकल्स घेणं आणि उरलेल्या वेळात किरणोत्सर्गावर काम, असं चाललं. याच काळात त्याने रेडियम वापरून एक प्रकारची बॅटरी बनवली. रेडियममधून बाहेर पडणारे ऋणभारित कण निघून जातात आणि मागे धनभार साठत जातो. या साध्या युक्तीने त्याने लाखाच्या वर व्होल्टचा दाब मिळवून दाखवला. अणुऊर्जेवर चालणाऱ्या बॅटऱ्यांचा इतिहास लिहिणारे सुरुवात इथूनच करतात.

रोल नंबरचा घोळ

त्या काळी मूलद्रव्यांची परिस्थिती काय होती ते आधी समजून घेऊ. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने. समजा, एखाद्या वर्गात सरांनी मुलांना वजनाप्रमाणे रोल नंबर दिले. बऱ्याच ठिकाणी जमेल, पण काही ठिकाणी घोळ होईलच. कोबाल्टचं वस्तुमान ५८.९३ आणि निकेलचं ५८.६९. वजनाप्रमाणे निकेल आधी यायला हवं. पण रासायनिक गुण बघितले तर कोबाल्ट आधी बसतं. आयोडिन आणि टेल्युरियमचंही तसंच. शास्त्रज्ञ गुण बघून त्यांची अदलाबदल करत होते, पण का करायची याचं कारण कोणाकडे नव्हतं. मूलद्रव्याचा सारणीतला क्रमांक म्हणजे नुसती बसण्याची जागा होती. त्या क्रमांकाला भौतिक अर्थ काही नव्हता. शिवाय मधे कोणी गैरहजर आहे का, असेल तर किती जण, हेही खात्रीने सांगता येत नव्हतं.

१९११ मध्ये रदरफर्डने अणूला केंद्रक आहे हे दाखवलं. व्हान डेन ब्रुक नावाच्या एका हौशी डच अभ्यासकाने सुचवलं, की केंद्रकावरचा धनभार म्हणजेच सारणीतला क्रमांक असावा. १९१३ मध्ये नील्स बोरने अणूची रचना मांडली. कल्पना छान होत्या. पण मोजून बघितलं कोणी?

मोजलेने!

चिमुकली आगगाडी

क्ष-किरणांचं स्फटिकामुळे विवर्तन होतं, ही बातमी १९१२ मध्ये जर्मनीतून आली. मोजलेला त्यात काम करायचं होतं. रदरफर्ड सुरुवातीला फारसे राजी नव्हते, कारण मँचेस्टरमध्ये या विषयातलं कोणालाच काही येत नव्हतं. मग मोजले लीड्सला जाऊन विल्यम ब्रॅग यांच्याकडून तंत्र शिकून आला. जोडीला होता चार्ल्स गाल्टन डार्विन, उत्क्रांतीवाल्या डार्विनचा नातू. दोघांनी मिळून पाया घातला आणि पुढचं काम मोजलेने एकट्याने हाती घेतलं.

प्रयोग असा. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत एखाद्या धातूवर आदळवायचा. झोतातला इलेक्ट्रॉन त्या अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला उडवून लावतो. आत जागा रिकामी झाली की वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खाली उडी मारतो आणि दोन कक्षांमधल्या ऊर्जेचा फरक क्ष-किरण म्हणून बाहेर पडतो. हे क्ष-किरण स्फटिकावर पाडले की ठरावीक कोनातच परततात आणि फोटोच्या काचेवर एक रेघ उमटते. कोनावरून तरंगलांबी, तरंगलांबीवरून वारंवारता. प्रत्येक मूलद्रव्याची रेघ वेगळ्या जागी.

अडचण अशी, की दर वेळी धातू बदलायचा म्हणजे नळी उघडा, परत हवा काढा, परत वाट बघा. मोजलेने त्यावर खास वर्कशॉपवाल्यांना आवडेल असा तोडगा काढला. नळीच्या आत एक छोटा रूळमार्ग, त्यावर ॲल्युमिनियमची गाडी, गाडीवर ओळीने धातूंचे नमुने. दोन्ही टोकांच्या पितळी रिळांना गुंडाळलेल्या रेशमी दोऱ्याने गाडी ओढायची. आता नळी न उघडता एकामागून एक धातू झोतासमोर आणता येऊ लागला.

मोजले कामाला लागला की दिवस-रात्र बघत नसे. मँचेस्टरमध्ये पहाटे तीन वाजता जेवण कुठे मिळतं, ही माहिती मोजलेइतकी कोणाला नव्हती, अशी आठवण डार्विनने पुढे सांगितली आहे. मेस बंद झाल्यावर होस्टेलबाहेर कोणाची गाडी उघडी असते हे ज्यांना पाठ आहे, त्यांनी याची नोंद घ्यावी. फरक इतकाच, की तो सबमिशनच्या आदल्या रात्रीपुरता जागत नव्हता.

१९१३ च्या शरद ऋतूत, काही आठवड्यांच्या आत, कॅल्शियमपासून झिंकपर्यंतच्या मूलद्रव्यांच्या रेघा काचेवर उतरल्या. झिंकसाठी त्याने पितळच वापरलं, म्हणजे तांबं आणि जस्त दोन्हींच्या रेघा एकदम मिळाल्या. काचांचे फोटो एकाखाली एक ठेवले तर रेघा पायऱ्यांसारख्या सरकत जाताना दिसत होत्या. मधलं स्कॅंडियम त्याच्याकडे नव्हतं, तर तिथे बरोबर एका पायरीची जागा मोकळी राहिली. कोबाल्टच्या नमुन्यात लोखंड आणि निकेलची भेसळ होती, तीही रेघांनी पकडून दिली.

मग त्याने प्रत्येक वारंवारतेचं वर्गमूळ काढून आलेख मांडला. सरळ रेषा! वस्तुमान घेतलं तर रेषा वेडीवाकडी येई. सारणीतला क्रमांक घेतला की पट्टी लावून काढल्यासारखी सरळ. म्हणजे क्रमांक हा नुसता रोल नंबर नव्हता. तो केंद्रकावरचा धनभार होता. कोबाल्ट २७, निकेल २८. भांडण मिटलं.

हे गणित इतकं सोपं आहे की कॅल्क्युलेटर काढून आत्ता करून बघा. अणुअंकातून १ वजा करा, वर्ग करा, १०.२ ने गुणा. उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येतं. लोखंडाचा अणुअंक २६. पंचविसाचा वर्ग ६२५, गुणिले १०.२, बरोबर ६३७५. म्हणजे जवळजवळ ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१३ च्या डिसेंबरमध्ये त्याचा पहिला लेख आला. तोपर्यंत तो ऑक्सफर्डला परतला होता. तिथे त्याला पगाराची नोकरी नव्हती, फक्त प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. तिथे त्याने काम सोन्यापर्यंत नेलं आणि एप्रिल १९१४ मध्ये दुसरा लेख दिला. हजेरीपट आता पक्का झाला होता, त्यामुळे गैरहजर कोण तेही कळलं. ४३, ६१ आणि ७५ हे क्रमांक रिकामे होते. थोड्याच दिवसांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज उर्बां आपले दुर्मीळ नमुने घेऊन ऑक्सफर्डला आला. त्याच्या मते त्यात ७२ क्रमांकाचं नवं मूलद्रव्य होतं. उर्बांची वर्षानुवर्षांची मेहनत मोजलेने काही दिवसांत तपासून दिली. ७२ ची रेघ नव्हती. तीही जागा रिकामीच.

१० ऑगस्ट १९१५

१९१४ च्या उन्हाळ्यात मोजले आईबरोबर ऑस्ट्रेलियाला एका विज्ञान परिषदेसाठी निघाला. तो प्रवासात असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. परिषद आटोपून तो तडक इंग्लंडला परतला आणि सैन्यात भरतीसाठी खटपट करू लागला. घरच्यांनी समजावलं, रदरफर्डनेही त्याला प्रयोगशाळेतल्या कामावर आणायचा प्रयत्न केला. त्याने ऐकलं नाही. रॉयल इंजिनिअर्समध्ये संदेशवहनाचा अधिकारी म्हणून तो दाखल झाला. १९१५ च्या जूनमध्ये आघाडीकडे जाताना त्याने मृत्युपत्र केलं आणि आपली सगळी मिळकत नि उपकरणं संशोधनासाठी रॉयल सोसायटीच्या नावे लिहून दिली.

तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत, १० ऑगस्ट १९१५ च्या सकाळी तुर्की सैन्याने मोठा हल्ला चढवला. मोजले टेलिफोनवरून हुकूम पाठवत असताना त्याच्या डोक्यात गोळी लागली. वय सत्तावीस. त्याची वेगळी कबर नाही. तिथल्या हेलेस स्मारकावर हजारो नावांमध्ये त्याचं नाव कोरलेलं आहे.

१९१६ चं फिजिक्सचं नोबेल कोणालाच दिलं गेलं नाही. तो असता तर त्याला मिळालं असतं, असं पुष्कळ जण मानतात. त्याचं काम पुढे नेणाऱ्या स्वीडनच्या मान्ने सीगबानला १९२४ चं नोबेल मिळालं. रिकाम्या जागाही भरत गेल्या : १९२३ मध्ये ७२ हाफ्नियम, १९२५ मध्ये ७५ ऱ्हेनियम, १९३७ मध्ये ४३ टेक्निशियम आणि १९४५ मध्ये ६१ प्रोमेथियम. पैकी हाफ्नियमची ओळख तर मोजलेच्याच पद्धतीने, क्ष-किरणांच्या रेघांवरून पटली. आपल्याकडेही हा वारसा आला. नागपूर विद्यापीठात प्रा. चिंतामणी मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटाच्या अभ्यासाची परंपरा उभी केली.

रेघ आकाशात

आता आत्याच्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. काही दीर्घिकांच्या केंद्रात सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं आणि त्याच्याभोवती वायूची तबकडी फिरत असते. वायू आत पडताना इतकी ऊर्जा बाहेर टाकतो, की कधी कधी सगळ्या दीर्घिकेपेक्षा तिचं केंद्रच जास्त झळकतं. याला सक्रिय दीर्घिका केंद्र म्हणतात. तबकडीजवळच्या अतितप्त वायूतून क्ष-किरण निघतात आणि त्यातले काही परत तबकडीवर पडतात. तिथे जे होतं ते मोजलेच्या नळीतलंच. फक्त इलेक्ट्रॉनांच्या झोताऐवजी क्ष-किरण लोखंडाच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात. वरचा खाली येतो. रेघ उमटते. किती ऊर्जेची? ६.४!

लोखंडच का? एक तर जड मूलद्रव्यांमध्ये ते विश्वात भरपूर आहे. दुसरं म्हणजे हलक्या अणूंपेक्षा लोखंडाच्या अणूत अशा उडीतून क्ष-किरण बाहेर पडण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पृथ्वीचं वातावरण हे क्ष-किरण अडवतं. त्यामुळे सूर्यमाळच्या डोंगरावर कितीही मोठी दुर्बीण लावली तरी ही रेघ दिसणार नाही, उपग्रहच लागतो. जपानचा आस्का उपग्रह १९९३ मध्ये गेला. त्याने नरतुरंगातल्या एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेकडे चार दिवसांहून अधिक काळ टक लावून पाहिलं. ही दीर्घिका आपल्यापासून बारा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात लोखंडाची रेघ दिसली, पण ती बारीक नव्हती, एका बाजूला फेंदारलेली होती. वायू प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास एक तृतीयांश वेगाने फिरत असेल आणि कृष्णविवराच्या ओढीतून सुटताना क्ष-किरणांची ऊर्जा खर्च होत असेल, तर रेघ अशीच दिसायला हवी. या अर्थावरून शास्त्रज्ञांमध्ये वादही झाले. पण आज कृष्णविवर स्वतःभोवती किती वेगाने फिरतं याचा अंदाज या रेघेच्या आकारावरून बांधतात. रेघ मुळात ६.४ ला असते हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच ती किती सरकली हे सांगता येतं.

आपला ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून उडाला. त्यावरची क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली आणि तिचा पल्ला ८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, म्हणजे लोखंडाची रेघ त्यात येते. त्याच्या निरीक्षणांवर पुण्याच्या आयुकात काम झालं. २०२३ मध्ये जपानने सोडलेल्या क्रिझम उपग्रहाने तर एनजीसी ४१५१ या दीर्घिकेतली लोखंडाची रेघ इतकी बारकाईने पाहिली, की तबकडीचा वायू आणि तिच्याही बाहेरचा वायू वेगळा ओळखता आला.

बाकी राहिलेलं उत्तर

दिवाळीच्या सुट्टीत मोजलेच्या पायऱ्यांच्या फोटोची झेरॉक्स घेऊन घरी गेलो. आत्याच्या मुलाला गुणाकार घातला. पंचवीस गुणिले पंचवीस, गुणिले १०.२. त्याने कोळशाने ओट्यावर मांडून उत्तर काढलं आणि मग लगेच तांब्याचं काढायला घेतलं. ते जवळजवळ ८ येतं, तेही बरोबर.

मे महिन्यात प्रश्न विचारणाऱ्या पोरांपैकी दोघं मात्र नव्हती. आमच्याकडे दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. हजेरीपटावर त्यांचे नंबर असतात, समोर गैरहजेरी लागत जाते. मीही त्याच शाळेत शिकलो. माझ्या वर्गातले असे काही जण नंतर परत आलेच नाहीत. गणितात माझ्यापेक्षा बरे होते.

मोजलेबद्दल वाचताना जग किती हळहळलं हे कळतं. हळहळणं बरोबरच आहे. पण तो निदान दोन लेख लिहून गेला आणि त्याच्या रेघेवर आज बारा कोटी प्रकाशवर्षांवरचं लोखंड ओळखता येतं. सेकंड क्लास मिळालेल्या त्या मुलाला कोणीतरी एक खोली, एक नळी आणि थोडा वेळ दिला होता, म्हणून हे झालं.

झेरॉक्सची एक प्रत आत्याच्या मुलाकडे ठेवून आलोय. भट्टीवर गेलेली ती दोघं पावसाच्या आधी परततील. त्यांचाही प्रश्न तोच होता.